राब भाजायच्या आधी

माझी धाकटी बहीण चपला घालून झोपायची. हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसावं असंच ते आहे. उंबऱ्याच्या आत चपला आणत नाहीत, तिथे हिच्या चपला थेट गोधडीत. माय रोज संध्याकाळी त्या चपला राखेनं घासायची, दोन पाण्यांनी धुवायची, पदरानं पुसून तिच्या पायात घालायची आणि मगच तिला अंथरुणावर घ्यायची. धुतलेली चप्पल अंथरुणात चालते, हा नियम मायनं स्वतःच काढला होता. दुसरा इलाज नव्हता. पायात चप्पल नसली की धाकटी डोळा मिटायची नाही.

आमचं गाव इथून फार लांब, राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, जंगलात आहे. तिथून का निघालो ते थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहायला गेलं की हात थांबतो. भर दिवसा बंदुका घेतलेली माणसं गावात आली. कुठल्या बाजूची ते विचारू नका, आम्हाला दोन्ही बाजूंची भीती सारखीच होती. आधी कापून रचलेलं धान पेटलं. मग दोन घरं पेटली, त्यातलं एक आमच्या भिंतीला लागून होतं. बाबांनी हाक दिली आणि आम्ही मागच्या अंगानं जंगलात शिरलो. धाकटीच्या चपला पुढच्या दारात राहिल्या. डांबरी रस्ता लागेपर्यंत ती कधी बाबांच्या खांद्यावर, कधी अनवाणी. तिच्या तळव्यांचं काय झालं होतं ते मीच धुतलं, म्हणून मला माहीत आहे. ती एकदाही रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं माय पुढे कितीदा तरी म्हणाली.

त्या दिवसापासून तिचं बाहेरच्या माणसाशी बोलणं बंद झालं. घरात बोलायची, तेही कानाला तोंड लावून. आणि विचारायची एकच: "आता कधी निघायचं?"

बाबांच्या ओळखीतल्या एकानं त्यांना शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या बाजूला, कोंबड्यांच्या शेडवर राखणीचं काम लावून दिलं. जवळच्या पाड्यावर एका काकीच्या घरामागची खोली मिळाली. काकी उंच, हाडापेराची, आणि तिचा आवाज असा की तिनं ओट्यावरून हाक मारली तर बांधापलीकडची गुरंसुद्धा मान वर करायची. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. माय म्हणाली, "हो जी, लय उपकार झाले जी." काकी म्हणाली, "जी जी काय करतंस गो? मी काय मास्तरीण हाय?" पुढे सगळा पाडाच आम्हाला जीवाले म्हणायला लागला. "जीवाल्यांची थोरली" म्हणजे मी. "जीवाल्यांची धाकटी" म्हणजे ती, जी बोलत नाही.

मी तेव्हा आठवीत होते, म्हणजे गावाकडे होते. इथे धाकटीला पाड्यावरच्या शाळेत घातलं. ती दाराजवळ बसायची आणि मी दाराबाहेर. मी दिसेनाशी झाले की ती दप्तर तिथेच टाकून उठायची. गुरुजी भले माणूस, म्हणाले, "पोरी, तुझंही वर्ष जातंय." पण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता. दोन दारांत एकदम कसं बसणार? माझी शाळा अशी दाराबाहेरच संपली. मला त्याचं दुःख झालं नाही असं नाही, पण तेव्हा आमच्या घरात प्रश्न एकच होता: ही आपली पोर परत पहिल्यासारखी होईल का? बाबा तो विचारायचे नाहीत, माय विचारायची नाही, मीही नाही. तिघंही तिच्या पायांकडे बघायचो.

थंडी सरली तसं मला वाटायला लागलं की होईल. ती शाळेत फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली. काकीच्या वासराला गवत घालू लागली. त्याच्याशी काहीतरी पुटपुटताना मी तिला पाहिलं, आणि मायला सांगायला पळाले तर माय म्हणाली, "हळू बोल, नजर लागेल."

मग राबाचे दिवस आले.

राब म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्याकडेही धानच पिकतं, पण रोप टाकायची जमीन आम्ही अशी भाजत नाही. इथे उन्हाळ्यात, रोप टाकायच्या तुकड्यावर शेणी, झाडांच्या छाटलेल्या टहाळ्या, पालापाचोळा, गवत असं थरावर थर पसरतात, वर माती भुरभुरवतात आणि पेटवून देतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. महिनोन् महिने टहाळ्या तोडून, भारे डोक्यावरून आणून तो थर रचायचा असतो. काकी त्या वर्षी गुडघे धरून धरून भारे आणत होती. आम्हाला वाटायचं, जळण साठवतेय.

सकाळची वेळ होती. बाबा शेडवर, माय अनवाणीच नळावर, मी तांदूळ निवडत होते. काकीनं घरासमोरच्या तुकड्याला कडेनं आग लावली आणि ती मागच्या बाजूला माती ओढायला गेली. पाड्यावरच्या कुणालाच त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पाऊस येण्याआधी कौलं शाकारतात तसं ते.

मी मान वर केली तेव्हा धाकटी ओट्यावरचा हंडा उचलून चालली होती. भरलेला हंडा, तिच्याच्यानं उचलवणार नाही असा. तिनं तो राबावर ओतला. परत आली, कळशी घेतली, ओतली. मग गुरांच्या पाण्याची बादली घेतली. ओरडली नाही, रडली नाही, घाईसुद्धा नाही. एखादी बाई रोजचं काम करते तसं. मी तिला धरायला धावले, तोवर काकी पुढे आली आणि तिच्या आवाजानं सगळा पाडा गोळा झाला.

"आगो भवाने! माझा राब भिजवला! आता रोप काय तुझ्या डोक्यावर टाकू?"

ओला पाला आणि शेण काही पेटत नाही. अर्ध्या तुकड्याचा नुसता चिखल आणि काळा धूर झाला होता. बायका "अरेरे" करत होत्या. कुणीतरी म्हणालं, "तरी मी सांगत होतो, परकी माणसं ठेवू नका." मी हात जोडून उभी. हो जी, चुकलं जी, एवढंच येत होतं मला. तेवढ्यात माय पळत आली आणि तिनं पहिलं विचारलं, "धाकटी कुठं आहे?"

धाकटी नव्हती.

खोलीत बघितलं, गोठ्यात बघितलं. मग शोधायला बाहेर पडावं म्हटलं तर दारात एकाही माणसाची चप्पल नव्हती. माझी नाही, मायची नाही, बाबांची जुनी जोडीही नाही. माय आणि मी अनवाणीच तापल्या रस्त्यावरून पळालो. एकीकडे मी, एकीकडे माय. मला ती शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सापडली, वडाच्या सावलीत बसलेली. शेजारी गाठोडं. त्यात बाबांचा सदरा, मायचं एक लुगडं, माझा फ्रॉक, पाण्याची बाटली. आणि परकराच्या नाडीत ओवून गळ्यात अडकवलेल्या आमच्या सगळ्यांच्या चपला.

मला बघून ती सरकून बसली, मला सावली मिळावी म्हणून. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "ताई, या वेळी मी कुणाच्या विसरले नाही."

तिला घेऊन परत येताना माझ्या मनात एकच होतं, आता ही खोली गेली. पुन्हा गाठोडं, पुन्हा रस्ता, आणि या वेळी रस्ता लागला की ही पोर कायमची मिटून जाणार. घरी आले तर मायनं सामान आवरायला घेतलेलंच होतं. बाबा शेडवरून आले होते आणि काकीसमोर मान खाली घालून उभे होते. काकीचं तोंड अजून सुरूच. मग तिची नजर धाकटीच्या गळ्याकडे गेली.

"ह्या काय? चपलांचं तोरण?"

 मग माय बोलली. आल्यापासून तिनं पाड्यावर कुणाला काही सांगितलं नव्हतं. विचारलं की "पोटासाठी आलो जी" म्हणायची. त्या दिवशी तिनं सांगितलं. धान पेटलं ते, शेजारचं घर, दारात राहिलेल्या चपला, तळवे. सगळं उभ्या उभ्या, हातात अर्धी घडी घातलेली गोधडी धरून.

काकी खाली बसली. धरायला काही नव्हतं म्हणून जमिनीवर हात टेकून बसली.   मग म्हणाली, "माझं माहेर धरणात गेलं. आज पन रात्री पाऊस जोरात लागला का मी उठून बसतंय. घरातले हसतात, म्हातारी घरात पानी शिरलं का बघते म्हणून." मग बाबांकडे वळून जरा चढ्या आवाजात, "तुमी आमाला सांगाचं ना, दादा!" आणि पुन्हा आवाज उतरवून, "आमी तरी कुटं सांगितलं, आज पेटवतो म्हणून."

गोधडीची घडी तिनंच मायच्या हातातून घेतली आणि खोलीत नेऊन ठेवली. आवरायचं तिथेच थांबलं.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एका दिवशी मनाची डॉक्टर येते, हे काकीलाच माहीत होतं. बाबा कचरत होते, लोक पोरीला वेडी म्हणतील. काकी म्हणाली, "पोटात दुखलं का जाताव ना? हिच्या पोटातच दुखतंय, जरा वरच्या बाजूला." आणि स्वतः एसटीत आमच्याबरोबर बसली, खिडकीची जागा धाकटीला देऊन.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी धाकटीला बोल म्हटलं नाही. रंगाच्या कांड्या दिल्या आणि चपलांबद्दल विचारलं, छान आहेत, कुठून घेतल्या. धाकटीनं माझ्या कानात सांगितलं, मी त्यांना सांगितलं, असं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी त्या आम्हाला म्हणाल्या, "चपला काढायला लावू नका. नको असतील तेव्हा तीच काढेल. आणि तिला सगळं आधी सांगत जा. धूर होणार असेल, मोठा आवाज होणार असेल, नवीन माणूस येणार असेल, तर आधी सांगा. काय होणार, किती वेळ चालणार आणि मग काय होणार. तिचं सगळं एकदम झालंय ना, म्हणून तिला एकदम काही नको." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू? तुला झोप लागते का?"

मी म्हणाले, "हो जी, लागते जी."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच बघितलं आणि एक खुर्ची ओढली. "पुढच्या वेळी तूही इथे बसायचं. बाहेर दारात नाही."

 पाड्यावर उतरल्यावर मात्र ती आमच्याबरोबर घरी आली नाही, घरोघर गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक म्हातारे बाबा येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन, जणू लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेत. धाकटी माझ्या मागे. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरी, मी आज टेकाडाखालचा राब भाजतो. जेवणवेळेपर्यंत धूर र्‍हाईल. मंग विझंल. घरं लांब हाईत." आणि गेले.

त्या दिवशी धाकटी दारात बसून धुराकडे बघत राहिली. मी तिचा हात धरून होते. जेवणवेळ झाली. धूर विरळ झाला, विझला. ती माझ्या कानात म्हणाली, "खरंच विझलं."

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. पाण्याला जाता जाता बायका सांगायच्या, "आज आमचा गो, ओढ्याकडचा." पोरं सायकलवरून ओरडायची, "धाकटे, आमचा उद्या!" चेष्टा करणारेही होतेच. समोरच्या काकांनी एकदा विडी पेटवायच्या आधी तिच्यापुढे येऊन सांगितलं, "बघ हां, मी आता ही लावतो. थोडाच धूर येल. मंग विझंल." काकी ओट्यावरून गरजली, "तुमची विडी कवा विझली हाय आजवर?" दुसरी एक म्हणाली, "धाकटे, उद्या माझी सासू येते, आवाज मोठा हाय तिचा, दोन दिवस चालंल." तेव्हा मी धाकटीचे दात बघितले. किती दिवसांनी बघितले! पुढचा एक पडून नवा आला होता आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

काकीचा भिजलेला राब बाकीच्या पाड्यानं थोड्या थोड्या टहाळ्या देऊन परत रचला. माय आणि मीही भारे वाहिले. पेटवायच्या दिवशी काकीनं धाकटीला बोलावलं, तिच्या हातात हिरवी फांदी दिली, शेजारी तोच हंडा भरून ठेवला. "आग बांधाकडं सरकली का फांदीनं झोडायची. नाय ऐकली तर पाणी. पन मी सांगंन तवाच हां, भवाने!" आगीच्या कडेला असं एक माणूस उभं करायचीच रीत आहे इथे. फक्त ते काम तिला मिळालं. तिनं दुपारपर्यंत आगीवरची नजर काढली नाही. एकदा एक जीभ बांधाकडे वळली, तशी तिनं ओरडून सांगितलं, "काकी, इकडं!"

सगळा पाडा तिच्याकडे बघायला लागला. काकीनं आगीकडे बघतच म्हटलं, "दिसतंय मला. झोड."

चपला लगेच सुटल्या नाहीत. दवाखान्याच्या फेऱ्या पुढे वर्षभर चालू होत्या, मीही त्या खुर्चीवर बसले आणि एक दिवस खरं उत्तर दिलं. मधे वाईट दिवसही आले, एका लग्नातल्या फटाक्यांनी तर महिनाभर मागे नेलं. मग कधीतरी पावसाळ्यात, नक्की कधी ते कुणालाच आठवत नाही, माय संध्याकाळी चपला धुवायला गेली तेव्हा त्या दाराबाहेर होत्या आणि धाकटी आत झोपलेली होती. मायनं त्या तरीही धुतल्या.

आम्ही अजून काकीच्याच खोलीत राहतो. आता मी शहापूरला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम करते. धाकटी मुरबाडला वसतिगृहात राहून बारावी करते, भरपूर बोलते, फोनवर माझं ऐकून घेत नाही. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली होती. एका सकाळी मी कामावर निघाले होते, पायात चपला घातल्या होत्या आणि समोर बघते तर बाजूच्या तुकड्यातून धूर. भिवंडीच्या गोदामात कामाला असलेला काकीचा पुतण्या रजेवर आला होता, त्यानं कुणाला न सांगता पेटवून दिलं होतं.

मी पिशवी टाकली आणि पळाले. खोली धुरानं भरलेली. धाकटी आडवीतिडवी झोपलेली, पाय गोधडीबाहेर, उघडे.

"धाकटे! राब आहे गं, फक्त राब आहे. बाजूच्या तुकड्यात. दुपारपर्यंत—"

"ताई," तिनं डोळे न उघडता म्हटलं, "चपला घालून आत आलीस?"

मी खाली बघितलं. आले होते. तिनं कूस बदलली आणि गोधडी नाकावर ओढून परत झोपून गेली.  मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले. तिचा श्वास ऐकत राहिले, एकसारखा, जड, आपल्याच घरात निर्धास्त झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

बाहेर काकी पुतण्यावर उखडली होती. आता ती काठी घेऊन चालते, आवाज मात्र तोच. "आधी सांगितलंस का रे?"

"धाकटीला ना? काकी, ती आता मोठी झाली, तिला काय—"

"धाकटीला कशाला? ती कवाच बरी झाली. थोरलीला सांगाचं असतंय! इतकी वर्सं काय धाकटीच्या एकटीसाठी सांगतो आमी?"

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं दारात कुणी सांगायला आलं की मी धाकटीला पुढे करायची.

मी चपला हातात घेऊन बाहेर आले. पुतण्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. चांगला मिशीवाला गडी, पण शाळेत उभं केल्यासारखा.

"ताई, राब भाजतोय. दुपारपर्यंत धूर र्‍हाईल. मंग विझंल."

"बरं," मी म्हणाले. "सांगितलंस ते बरं केलंस."

आणि चपला खाली ठेवून, धूर विरळ होईपर्यंत ओट्यावर बसले. त्या दिवशी मी जरा उशिरानं कामाला गेले.